पांढरं फडकं, राखेचा ढीग आणि मागे लिहिलेली तिथी

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "जुनं घर रिकामं करताना फडताळामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक लहान तैलचित्र सापडलं. साधारण १० बाय १४ इंच, पुठ्ठ्यावर काढलेलं. टेबलावर मांडलेल्या बारीकसारीक वस्तू आहेत. केशरी, हिरवा, पिवळा असे अगदी सणासुदीचे रंग. पण त्यांच्या मधोमध एक पांढरं फडकं, राखेचा ढीग, हाडांच्या मण्यांसारखी माळ, पक्ष्याच्या वाकड्या नख्या आणि आपल्याकडे रोखून बघणारा एक डोळा. मागे पेन्सिलीने 'फा. व. ५' लिहिलं आहे. कुणाच्या तरी श्राद्धाची तिथी असावी असं घरात सगळे धरून चालतात. सासूबाई सांगायच्या, यजमानांच्या आत्या विधवा होऊन माहेरी परत आल्या, त्यानंतर त्यांनी हे काढलं. अपशकुनी आहे, भिंतीवर लावू नये. धाकटे दीर म्हणतात, चित्रकार बेंद्र्यांचं आहे, लाखांत जाईल. चित्र कशाचं आहे? कुणाचं आहे? आणि स्वच्छ कसं करायचं? बटाट्याची फोड चोळा असं एकाने सांगितलं आहे."

बटाट्याचं आधी सांगते, कारण ते तातडीचं आहे. चोळू नका. बटाटा नको, पाव नको, साबणाचं पाणी नको, काच पुसायचा फवारा नको आणि स्पिरिट तर अजिबात नको. का, ते पुढे येईलच.

नुसत्या फोटोंवरून मी या चित्राबद्दल काही बोलले नसते. तुम्ही ते चादरीत गुंडाळून रिक्षाने घेऊन आलात आणि एक दुपारभर माझ्या टेबलावर राहू दिलंत, म्हणून हे उत्तर देता येतं आहे. मी इंदूरला २७ वर्षं तैलचित्रांच्या जतनाचं काम करते. लोक चित्र घेऊन येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "याचा अर्थ काय?" माझा पहिला प्रश्न मात्र कायम एकच असतो: हे चित्र काढलं त्या दिवशी असंच दिसत होतं का? गूढ म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं याच प्रश्नाच्या उत्तरात विरघळून जातं. तुमच्या चित्राचं तेच झालं.

फ्रेममधून ते बाहेर काढलं तेव्हाची गोष्ट. मागचे चार गंजलेले खिळे सरळ केले, पुठ्ठा अलगद वर उचलला. फ्रेमची आतली कड चित्रावर साधारण सहा मिलिमीटर चढलेली होती. म्हणजे चित्राची चारी बाजूंची तेवढी पट्टी इतकी वर्षं लाकडाखाली अंधारात होती. खालच्या कडेला ते पांढरं फडकं चित्राबाहेर जातं. तिथे, जिथे लाकूड संपतं त्याच सरळ रेषेवर, पांढरा रंग संपला आणि गुलाबी सुरू झाला. फिकट गुलाबी नव्हे. लग्नातल्या शेल्याचा असतो तसा भडक राणी रंग. तुम्ही तेव्हा समोरच बसला होतात. तुम्हाला वाटलं, फ्रेमच्या आतल्या मखमलीचा रंग लागला असेल. फ्रेमला मखमल नाही. तो चित्राचाच रंग आहे आणि बाकीचं सगळं फडकं एके काळी त्याच रंगाचं होतं.

म्हणजे ते कफन नाही. ते गुलाबी कापड आहे, उजेडाने खाल्लेलं.

मग मी भिंगाखाली राखेच्या ढिगाकडे गेले. तो रंग जाड लावलेला आहे, बोटाने चाचपला तर उंचवटा लागेल इतका. त्याच्या उजव्या उतारावर तांदळाच्या कणीएवढा एक जुना टवका उडालेला आहे. वीस पट मोठं करून पाहिलं तर टवक्याच्या कडेला थर दिसतात: वर करडा-पांढरा पापुद्रा, आणि आत गुलाबी. कलिंगडाची फोड कडेने बघावी तसं. उजेड रंगाच्या वरच्या पापुद्र्यालाच खातो, खोल जात नाही. म्हणून जाड रंगाच्या पोटात मूळ रंग शिल्लक राहतो. तेव्हा ती राख नव्हे, गुलाल आहे. ढिगाशेजारी जी चुरगळलेली चौकोनी वस्तू आहे, ती गुलालाची सोडलेली पुडी. कागदाच्या घड्या अगदी नीट काढल्या आहेत.

एवढं कळल्यावर उरलेल्या वस्तू एकेक करून स्वतःचं नाव सांगायला लागल्या.

हाडांची माळ. चपट्या गोल चकत्या दोऱ्यात ओवलेल्या, मधे एक मोठं पदक, चकत्यांवर रेघा. ही साखरगाठी आहे. होळीच्या सुमाराला बाजारात येतात, मुलांच्या गळ्यात घालतात, पुढे पाडव्याला गुढीवर चढतात, त्या गाठी. माझी खात्री कशाने पटली ते सांगते. डावीकडून तिसऱ्या चकतीवर एक काळा ठिपका आहे. तुम्ही त्याला घाण समजलात, मीही आधी बुरशीचा डाग समजले. भिंगाखाली त्याला सहा पाय निघाले. ती मुंगी आहे, तीन मिलिमीटरची, बारीक ब्रशच्या पाच-सहा फटकाऱ्यांत काढलेली. हाडांच्या माळेवर मुंगी कशाला जाईल? काढणाऱ्याने ती बघितली, हाकलली नाही, चित्रात घेतली. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला भेटलेल्या सगळ्यांत लाडक्या गोष्टींमध्ये ती मुंगी आता जाऊन बसली आहे.

पक्ष्याच्या नख्या म्हणजे पळसाची फुलं, सुकायला लागलेली. पाकळी बाकदार, पोपटाच्या चोचीसारखी, देठाकडे मखमली काळपट. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, 'हा पोपट तर नव्हे?' असं विचारल्यासारखं. म्हणजे चूक करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. माळव्यात फाल्गुनात पळस फुलतो आणि फुलं उकळून रंगाचं पाणी करतात. इथलं केशरी मात्र अजून ताजं राहिलं आहे. ते बहुधा कॅडमियमचं केशरी असावं, उजेडाला दाद न देणारं. भोवऱ्यावरचा हिरवा पट्टाही तसाच टिकला आहे. म्हणूनच चित्र आज असं विचित्र दिसतं: सगळे रंग सारखे विटले असते तर ते नुसतं जुनं वाटलं असतं. इथे निम्मे रंग सणाचे राहिले आणि निम्म्यांची राख झाली. अस्वस्थ करतं ते हे.

आणि डोळा. तो पितळी पिचकारीचं तोंड आहे. पिचकारी आडवी ठेवलेली आहे, पण टोक नेमकं बघणाऱ्याकडे. त्यामुळे तिची लांबी दिसतच नाही, दिसतं फक्त पितळेचं कडं आणि मधलं काळं भोक. कड्यावर खिडकीच्या उजेडाचा ठिपका आहे, म्हणून ते बुबुळासारखं चमकतं. तुमच्याकडे जुनी पिचकारी असेल तर टेबलाच्या कडेला डोळ्यांच्या रेषेत धरून बघा.

आता ती तिथी. फा. व. ५ म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी. तुमच्या घरात लाला रामस्वरूपचं पंचांग टांगलेलं असेल. इकडच्या बहुतेक घरांत तेच असतं. त्यात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यात फाल्गुनातली कृष्ण पंचमी होळीच्या आधी, तीनेक आठवडे अलीकडे येते. त्या दिवशी सण नाही, काही नाही. म्हणून घरच्यांना वाटलं श्राद्ध असेल. पण आपल्या मराठी रीतीप्रमाणे महिना अमावास्येला संपतो. कालनिर्णय उघडा. होळीची पौर्णिमा झाली की फाल्गुन वद्य लागतो आणि त्याची पंचमी म्हणजे रंगपंचमी. हिंदी पंचांगात त्याच दिवसाला चैत्र कृष्ण पंचमी म्हणतात. दर वर्षी त्या दिवशी इंदूरच्या राजवाड्यापाशी गेरीत, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, अर्धं शहर गुलालात न्हातं, टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, आणि तुमच्या घरात त्याच दिवसाची तिथी लिहिलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हे रंगपंचमीचं स्थिरचित्र आहे. गुलाबी कापडावर गुलालाची पुडी, पिचकारी, पळस, साखरगाठी, लाखेचा भोवरा आणि कुंकवाचा करंडा.

रंग असे जातात का, यावर विश्वास बसत नसेल तर एक जगप्रसिद्ध दाखला देते. व्हॅन गॉगने मे १८९० मध्ये सेंट रेमीच्या रुग्णालयातून निघण्याआधी आयरिसच्या आणि गुलाबांच्या फुलांची चार मोठी चित्रं काढली. त्यांतलं आयरिसचं एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आज फुलांमागची जागा जवळजवळ पांढरी दिसते. ती गुलाबी होती. गुलाबांच्या चित्रातले पांढरे गुलाबही मुळात गुलाबी. त्याने वापरलेला जिरेनियम लेक नावाचा लाल-गुलाबी रंग इओसिन या कृत्रिम रंगापासून करत, आणि इओसिन उजेडात फार लवकर उडतं. तिथेही संशोधकांना पुरावा मिळाला तो फ्रेमखाली झाकलेल्या कडांत आणि रंगाच्या जाड थराच्या पोटात. माझ्या टेबलावर रामबागेतल्या चित्राने तेच दाखवलं.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. गेरू, कॅडमियम, अल्ट्रामरीन हे खनिज रंग. त्यांची पूड म्हणजे बारीक दगडच. राणी, मजेंटा, गुलाबी हे बहुतेक कापडाच्या रंगासारखे रंग. ते पांढऱ्या पुडीवर चढवून तेलात घोटतात. उजेडाने, त्यातही उन्हातल्या अतिनील किरणांनी, त्यांचे रेणू तुटतात आणि रंग नाहीसा होतो. तुमच्या चित्रात आणखी एक भर पडली. अतिनील दिव्याखाली धरलं तेव्हा सगळा पांढरा भाग पिवळट-हिरवा चमकला. ही झिंक व्हाइटची, म्हणजे जस्तापासून केलेल्या पांढऱ्या रंगाची खूण. टायटॅनियम व्हाइट असतं तर तो भाग काळपट जांभळा दिसला असता. झिंक व्हाइट उजेडात शेजारच्या नाजूक रंगांचा ऱ्हास आणखी वाढवतं. गुलाबी रंग पातळ, त्यात झिंक भरपूर मिसळलेलं, आणि तुम्हीच म्हणालात की पूर्वी हे माडीवर पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेलं असायचं. उजेड लक्समध्ये मोजतात. उन्हाळ्यातल्या थेट उन्हाचा उजेड १ लाख लक्सपर्यंत जातो. संग्रहालयात असे नाजूक रंग ५० लक्सवर ठेवतात. म्हणजे माडीवरच्या उन्हातला एक तास हा संग्रहालयातल्या २००० तासांएवढा. माझा समज असा आहे की दहा-पंधरा वर्षांतच ते पांढरं पडलं असणार, आणि ज्यांनी पुढे त्याला अपशकुनी म्हटलं त्यांनी ते गुलाबी असताना पाहिलंच नसणार.

आता दिरांचा प्रश्न. नारायण श्रीधर बेंद्रे आपल्याच इंदूरचे, जन्म १९१०. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे चित्रकला शाळा सुरू केली, बेंद्रे तिथे शिकले. चित्रकार मकबूल फिदा हुसेनही त्याच शाळेत काही काळ शिकले. विष्णू चिंचाळकर, दे. ज. जोशी हेही देवळालीकरांचे विद्यार्थी. बेंद्रे पुढे १९५० पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवायला होते. त्यामुळे इंदुरातल्या जुन्या मराठी घरात सही नसलेलं बरं चित्र निघालं की कुणीतरी "बेंद्रे" म्हणतंच. दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे असा एक बेंद्रे येतो.

तुमच्या चित्रात देवळालीकरांच्या वर्गाची हवा आहे, हे मी मान्य करते. ती सावल्यांत आहे. शिकाऊ माणूस सावली काढताना वस्तूच्या रंगात काळा किंवा तपकिरी मिसळतो. इथे करंड्याची सावली निळी-जांभळी आहे, भोवऱ्याच्या सावलीत हिरव्याची झाक आहे. उघड्यावर बसून उजेड बघायची, सावलीतही रंग शोधायची ती इंदुरी शिकवण. पण करंड्याचं झाकण बघा. गोल वस्तू तिरकी बघितली की लंबगोल दिसते, आणि लंबगोलाची दोन्ही टोकं गोलाईने वळायला हवीत. इथे ती टोकदार झाली आहेत, लिंबाच्या फोडीसारखी. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वहीत मास्तर लाल पेन्सिलीने दुरुस्त करतात ती ही चूक. डिप्लोमाला बसलेला माणूस ती करत नाही. त्याच हाताने पिचकारीचं टोक मात्र इतकं अचूक काढलं आहे, कारण लंबगोल कसा काढायचा ते पाठ करावं लागतं, आणि समोरून दिसणारं भोक नुसतं नीट बघून काढता येतं. काढणाऱ्याला शिक्षण थोडं मिळालं होतं आणि नजर भरपूर होती. मी याला बेंद्रे म्हणणार नाही आणि कुणी प्रमाणपत्र देऊ केलं तर घेऊ नका. सही नाही, खरेदीची पावती नाही, कुठल्या प्रदर्शनाची चिठ्ठी नाही. अशा चित्राला मोठ्या नावाची चिठ्ठी डकवणं ही फसवणूक आहे आणि तीत तुमचं घराणं अडकेल.

सासूबाईंची गोष्ट मला जास्त खरी वाटते. निदान चित्र तिच्या बाजूने साक्ष देतं. पुठ्ठा, झिंक व्हाइट, सावल्यांची ती रीत, हे सगळं १९३० ते १९४५ च्या सुमारात बसतं आणि तुम्ही सांगितलेलं आत्यांच्या परत येण्याचं सालही त्यातच येतं. घरातल्या कुणाला तरी, भावाला म्हणा, चित्रकलेचं शिक्षण असेल. त्याच्या उरलेल्या ट्यूब असतील. तसं असेल तर या चित्राकडे जरा थांबून बघा. त्या काळी आपल्या घरांत विधवा बाईने रंगपंचमी खेळायची नव्हती. गुलालाला हात लावायचा नव्हता, कुंकू तर नाहीच. खाली अंगणात पोरं रंग खेळताहेत आणि माडीवर कुणीतरी गुलाबी कापड अंथरून त्यावर तोच गुलाल, तीच पिचकारी, तोच करंडा मांडून बसलं आहे. रंग अंगावर घ्यायला बंदी होती, ट्यूबमधून पिळायला नव्हती. करंड्याचं झाकण अर्धवट उघडं आहे. आत कुंकू आहे, भरपूर. तो लाल रंग टिकला आहे.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. खिडकी डावीकडे आहे, सगळ्या वस्तूंच्या सावल्या उजवीकडे पडतात. पण डाव्या बाजूने एक मोठी, मऊ कडांची सावली कापडावर येते आणि ती टेबलावरच्या कुठल्याच वस्तूची नाही. वर निमुळती, खाली खांद्यासारखी उतरती. खिडकी आणि टेबल यांच्या मधे कुणीतरी उभं आहे. तिरक्या उजेडात ब्रशचे ओरखडे तपासले: ही सावली मागाहून घातलेली नाही, कापडाच्या घड्या काढतानाच सावलीचा रंग घेतला आहे. म्हणजे ते माणूस चित्र होईपर्यंत तिथेच होतं किंवा काढणारीने त्याला तिथे राहू दिलं. या चित्रात गूढ म्हणावं असं मला वाटलं ते एवढंच, आणि ते भीतीचं मुळीच नाही.

आता पुढचं, कामाचं.

गुलाबी परत आणता येईल का? नाही. तुटलेले रेणू जोडता येत नाहीत. वरून नवा गुलाबी रंग लावून देणारे लोक शहरात आहेत आणि ते हौसेने देतीलही. मी काम सुरू केलं त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात हे पाप माझ्या हातून घडलं आहे. एका घरच्या आजोबांच्या चित्रातला फेटा विटलेला होता. घरच्यांनी आग्रह केला, लग्नकार्य होतं, आणि मी नव्या लालने फेटा रंगवून दिला. दहा वर्षांनी दुसऱ्या कामासाठी ते चित्र परत आलं तेव्हा फ्रेम काढल्यावर कडेला मूळ रंग दिसला: आमसुली. लाल नव्हताच तो. माझा लाल रंग उतरवताना खालच्या मूळ रंगाचा थोडा भाग गेला आणि तो परत येणार नाही. त्या दिवसापासून मी विटलेल्या रंगावर रंग लावलेला नाही. तुम्हाला हवं असेल तर चित्राचा चांगला फोटो काढून संगणकावर मूळ रंग भरून छापून देता येईल. सहा मिलिमीटरच्या पट्टीवरून गुलाबी नेमका घेता येईल. तो छाप शेजारी लावा, पोरांना दाखवा. मूळ चित्राला हात नको.

स्वच्छतेचं म्हणाल तर या चित्रावर धूळ आणि उदबत्तीचा धूर आहे, वार्निश नाही. वार्निश नसल्यामुळे रंग उघडा आहे आणि तिथेच धोका आहे. अशा जातीचे बरेच गुलाबी रंग स्पिरिटमध्ये विरघळतात, म्हणजे कापसाच्या एका बोळ्यात तुम्ही उरलासुरला पुरावाही पुसून टाकाल. झिंक व्हाइटचा थर वयाने ठिसूळ होतो, ओलाव्याने आणि दाबाने त्याचे पापुद्रे सुटतात. बटाट्यातलं पाणी आणि पिष्ट भेगांत शिरतं, मग बुरशी धरते. आम्ही कामात कधीकधी कापसाच्या काडीवर चक्क लाळ वापरतो. तिच्यातल्या पाचक द्रव्यांनी मळ सुटतो. पण कोपऱ्यात चाचणी घेऊन, भिंगाखाली, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेपासून सुरुवात करून. घरी करायचं काम नव्हे. घरी फक्त रुंद, मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झटकायची, आणि टवका उडालेला ढिगाचा भाग सोडून द्यायचा. तो टवका मी पक्का करून देते.

चित्र थोडं पिवळटही झालं आहे. त्याचं कारण मात्र ऊन नाही, उलट अंधार आहे. जवसाचं तेल वर्षानुवर्षं अंधारात राहिलं की पिवळं पडतं आणि साध्या उजेडात परत बरंच निवळतं. म्हणून दोन-तीन आठवडे उत्तरेच्या खिडकीच्या खोलीत, ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. फ्रेममध्येच ठेवा, म्हणजे कडेची पट्टी झाकलेली राहील. त्यानंतर कायमची जागा: आतली भिंत, पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत नको; स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या धुरापासून लांब; वर झगझगीत दिवा नको. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि पुठ्ठा यांच्या मधून हवा खेळेल. समोर अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक बसवा, चित्राला न टेकता. डांबरगोळ्या मागे ठेवू नका. कसरीची भीती वाटत असेल तर वर्षातून दोनदा उतरवून मागे बघत जा, तेवढं पुरे.

फ्रेम बदलायची असेल तर फ्रेमवाल्याला एक गोष्ट बजावा: नवी फ्रेमही कडेवर किमान सहा मिलिमीटर चढली पाहिजे आणि पुठ्ठा एक सुतानेही कापायचा नाही. "जरा कडा सरळ करून देतो" असं तो म्हणेल. त्या कडेत तुमच्या आत्यांचा सगळा रंग आहे.

पुढच्या खेपेला येताना आत्यांच्या हातचं काही लिहिलेलं मिळालं तर घेऊन या. जुनी वही, पत्र, लोणच्याच्या प्रमाणाचा कागद, काहीही. मागच्या 'फा. व. ५' मधल्या 'फ'ची शेपटी खाली जाऊन डावीकडे वळलेली आहे, अशी वळण देण्याची सवय सगळ्यांना नसते. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू.